पाटी, प्रसाद आणि दीड गुंठा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. घाईत राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पीएमटीच्या कंडक्टरचा मुलगा, त्यामुळे वेळेवर थांबण्याचा प्रयत्न करीन. पण स्वारगेट-कात्रज गाडी किती वेळेवर यायची हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांना माझ्या वडिलांनी अर्धं तिकीट फाडून दिलंय. काही जणांना बारा वर्षं उलटून गेल्यावरही दिलंय, ते आता कबूल करायला हरकत नाही.

सकाळी सरस्वतीच्या प्रतिमेला हार घालायला माझं नाव पुकारलं गेलं. मी पुढे आलो, हार हातात घेतला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घातला. मी बाजूला उभा राहिलो. नंतर चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने पाठीवर थाप मारून विचारलं, "अजून तसाच आहेस का रे तू?" त्याला म्हटलं, दुपारी सांगतो. तेच सांगायला उभा आहे. विषय थोडा नाजूक आहे. पण चौतीस-पस्तीस वर्षांची ओळख असलेल्या माणसांपुढे नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

हो, अजून तसाच आहे. मूर्तीपुढे मी हात जोडत नाही. पण "तसाच" हे तितकंसं खरं नाही. मधल्या काळात माझ्या हातून मूर्तिपूजा घडली आहे, आणि ती या प्रतिमेपुढे घडलेली नाही.

आधी जुनी गोष्ट. तिसरीत असताना दसऱ्याच्या आधी वर्गात पाटीपूजन होतं. सगळ्यांनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. माझी पाटी कोरी. घरी आईने सांगून ठेवलं होतं, कोणाची थट्टा करायची नाही, गडबड करायची नाही, पण आपण ते करायचं नाही. बाई जवळ आल्या. मी रडायच्या बेतात. बाईंनी एवढंच म्हटलं, "मग तुला जे चांगलं येतं ते लिही." मला पाढे चांगले यायचे, म्हणजे तसं मला वाटायचं. मी एकोणीसचा पाढा लिहिला. एकोणीस आठे चुकलं होतं. बाईंनी आधी ते खोडून बरोबर केलं आणि मग इतरांच्या पाटीवर ठेवलं तसं झेंडूचं फूल माझ्याही पाटीवर ठेवलं. घरी गेल्यावर त्या फुलाचं काय करायचं हे आईला कळेना. तिने ते पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवलं. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना हे आठवत नसेल. मला मात्र एकोणीस आठे एकशे बावन्न तेव्हापासून कधी चुकलेलं नाही.

दुसरी गोष्ट गणपतीची. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. काकूंच्या हातचे उकडीचे मोदक सगळ्या गल्लीला माहीत. मी प्रसाद खात नाही हे त्यांना कळल्यावर पुढच्या वर्षीपासून त्या मला आदल्या तासाला बोलवायच्या आणि नैवेद्य दाखवायच्या आधी दोन मोदक माझ्या ताटलीत वाढायच्या. तेव्हा मला फक्त मोदकाचा आनंद. फार नंतर, मला वाटतं चाळिशीत, लक्षात आलं की नैवेद्याआधी पानातलं कोणाला देणं हेच त्यांच्या नियमात बसत नव्हतं. माझा नियम मोडू नये म्हणून त्या माउलीने वर्षानुवर्षं स्वतःचा मोडला. त्या आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

प्रसादाबद्दल आम्हा ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही, हेही सांगून टाकतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न आहे. त्या शहरात देवळात वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं. ते खावं की नाही यावरून मंडळीत भांडणं. पौलाचं म्हणणं थोडक्यात असं, की मूर्ती म्हणजे काहीच नाही हे आपल्याला माहीत आहे, पण तुझ्या या ज्ञानामुळे दुसऱ्याचं मन डळमळणार असेल तर तू खाऊ नकोस. आणि प्रत्यक्ष त्या पूजेत सामील होणं मात्र नाहीच. आमच्यात काही जण प्रसाद घेतात, घरी नेतात. मी घेत नाही. जे घेतात त्यांना मी कमी ख्रिस्ती समजत नाही. पूर्वी समजायचो.

पूर्वी समजायचो, गोम तिथेच आहे. मूर्तिपूजा म्हणजे लहानपणी दिलेली एक परीक्षा आणि त्यात मी पैकीच्या पैकी मिळवले आहेत, असा माझा पक्का समज होता. दहा आज्ञांपैकी पहिल्या दोन माझ्या खिशात. इतरांच्या देव्हाऱ्यापुढे मान न वाकवणं फारसं अवघड नसतं हो. घरच्यांनी शिकवलेलं असतं, आणि आपण जरा वेगळे आहोत याचीही एक ऐट असते.

आम्ही रविवारी उपासनेला पंचहौदच्या देवळात जायचो, गुरुवार पेठेत. वडिलांची सकाळची पाळी नसेल तर चौघं, असली तर आम्ही तिघं. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळी चहा प्यायली आणि त्यावरून केवढं ग्रामण्य झालं, हे आपल्या इतिहासाच्या सरांनी रंगवून सांगितलं होतं. वर्गात सगळे माझ्याकडे वळून बघत होते, जणू चहा मीच केला होता. सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मी पुढे स्वतः वाचून काढली, ती पंडिता रमाबाईंची. पंचहौदच्या सिस्टरांशी ओळख झाली म्हणून रमाबाई इंग्लंडला वाँटेजला गेल्या. १८८३ च्या सप्टेंबरात तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पुण्यात त्यांच्यावर झालेली टीका सगळ्यांना माहीत असते. त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांशी काय वाद घातला, हे फार थोड्यांना माहीत आहे. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरून वाद झाला. आमच्या बायांना न कळणारी लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. आणि पुढे विचारलं, ब्राह्मण संस्कृतला पवित्र मानतात तसं तुम्ही लॅटिनला मानता की काय? वयाने पंचविशीतली, विधवा, हाताशी लहान मुलगी, परक्या देशात त्यांच्याच घरात राहणारी बाई हे विचारते आहे. देवळातल्या मूर्ती सोडून आलेल्या बाईला नव्या घरातली मूर्ती दिसली आणि तिने तिथेही मान वाकवली नाही. मला त्यांचं हे जास्त मोठं वाटतं.

दुसरा प्रसंग आपल्या पुण्यातला. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईला निघालं आणि १८९० मध्ये पुण्याला आलं. मुलींना धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं आणि रमाबाईंनी ते मानलंही होतं. पण त्या स्वतः रोज आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला. दार लावून घ्या, एवढीच मागणी होती म्हणा ना. रमाबाईंनी दार लावलं नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. राजीनामे देणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. ते लोक वाईट नव्हते, विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनीही शिव्या खाल्ल्या होत्या. पण त्या दाराचा मी खूप विचार केला आहे. दानीएल बाबेलात खिडकी उघडी ठेवून प्रार्थना करायचा, तेव्हा खिडकी लावली असती तर सिंहांच्या गुहेत जावं लागलं नसतं. रमाबाईंनी दार लावलं असतं तर पुण्याची प्रतिष्ठित मंडळी पाठीशी राहिली असती. संस्था त्यांना जिवापाड प्यारी होती. तीसुद्धा देवाच्या जागी बसू द्यायची नाही, हे त्यांना त्या दिवसांत ठरवावं लागलं असणार.

मला वेळ आली तेव्हा मी काय केलं ते आता सांगतो. इथून पुढे बोलायला जरा जड जाईल.

वडिलांनी १९७९ साली फंडातून कर्ज काढून कात्रजला दीड गुंठा जागा घेतली. तुम्ही सगळे त्या घरी येऊन गेला आहात. दोन खोल्या, पुढे जांभळाचं झाड, मागे डोंगर. तेव्हा कात्रज म्हणजे गावच. सर्पोद्यानसुद्धा आपण आठवी-नववीत असताना निघालं. त्या जागेला कोणी विचारत नव्हतं. २००६ मध्ये वडील गेले. तोपर्यंत कात्रज तुम्हाला ठाऊक आहे तसं झालेलं होतं. शेजारचे दोन प्लॉट आणि आमचा मिळून एक इमारत करू म्हणून बिल्डर घरी येऊ लागला. पहिल्यांदा मी चहा देऊन वाटेला लावला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी कागदावर गणित मांडलं. पुढची दोन वर्षं मी तेच गणित मांडत होतो. रात्री झोपताना, दुकानात गिऱ्हाईक समोर असताना, खरं सांगायचं तर देवळात उपदेश चालू असतानाही. किती चौरस फूट, कितीला, कोणत्या मजल्यावर. कोणी विचारलं असतं, तुझा देव कोण, तर मी तोंडाने बरोबर उत्तर दिलं असतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी सारखं. माझी धाकटी बहीण मिरजेला नर्स आहे. तिचा हिस्सा उघड होता. २०११ मध्ये मी तिला फोन केला. सांगितलं, निम्मी जागा रस्त्यात जाणार आहे, उरलेल्याचं फारसं काही येणार नाही, कागदपत्र सुटसुटीत व्हावेत म्हणून हक्कसोडपत्रावर सही कर. रस्त्याचं खोटं होतं. ती सकाळच्या गाडीने आली, येताना तासगावचे बेदाणे घेऊन आली. निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो, सही झाली आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. आईनेही सही केली, कारण मुलगा सांगतोय म्हणून. मला दोन फ्लॅट मिळाले. एकात राहायला गेलो. दुसरा बँकेकडे गहाण ठेवून हार्डवेअरचं दुकान वाढवलं.

वर्गातल्या ग्रुपवर मी नव्या घराचे फोटो टाकले होते. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. आई पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय वाचते. २०१५ मध्ये, इमारतीचे सगळे कागद आवरताना, करारनामा आईच्या हाती लागला. ती साब्बाथ शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, आकडे वाचता येतात तिला. मला एक शब्द बोलली नाही. त्या रात्री तिने पहिल्या राजांचा एकविसावा अध्याय वाचला. नाबोथाचा द्राक्षमळा. अहाब राजाला शेजारच्या नाबोथाचा मळा हवा असतो, नाबोथ म्हणतो ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडून राहतो, जेवत नाही. मग खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला मारलं जातं आणि राजा मळा घ्यायला निघतो, तर वाटेत एलीया संदेष्टा उभा. आईने वाचलं, प्रार्थना झाली, जेवलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अध्याय. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझा मुलगा म्हणाला, "आजी, परत तोच?" आई चष्मा पुसत म्हणाली, "अजून नीट कळला नाही मला." आठ दिवस तिने तो वाचला. नवव्या दिवशी मी जेवायला घरी आलो नाही.

त्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी मी वेदीपाशी गेलो नाही, बाकावरच बसून राहिलो. येशूने सांगितलंय की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि त्याच्याशी समेट कर. भावाच्या, असं लिहिलंय. बहीण त्यात येत नाही अशी पळवाट मी खरंच मनात शोधून बघितली होती. पुढे कितीतरी महिने मी बसून राहत होतो. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, गुडघे दुखतात.

मूर्तिपूजेविषयी शास्त्र काय म्हणतं ते मी त्या काळात पुन्हा वाचलं, या वेळी स्वतःसाठी. कलस्सैकरांना पौल सरळ लिहितो की लोभ हीच मूर्तिपूजा आहे. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. आणखी एक गोष्ट सापडली. रानात सर्पदंशाने लोक मरत होते तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. त्याकडे बघणारा वाचायचा. कित्येक पिढ्यांनी हिज्कीया राजाला तो साप फोडावा लागला, कारण लोक त्यालाच धूप जाळायला लागले होते. (कात्रजच्या माणसाने सापाची गोष्ट सांगितली की लोक हसतात, हसा.) साप वाईट नव्हता, देवानेच दिलेला होता. माझ्या वडिलांचा दीड गुंठाही तसाच होता. उन्हातान्हात तिकिटं फाडून त्यांनी तो आम्हा दोघा भावंडांना ठेवला होता.

आणि यिर्मया. आपली सहल तलावावर गेली होती तेव्हा सरांनी सांगितलेलं आठवतं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, इथलं पाणी जमिनीखालच्या नळांतून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेलं. उगम इकडे, हौद तिकडे. यिर्मयामध्ये देवाची तक्रार अशी आहे की माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी हौद खणले, तेही फुटके, पाणी न धरणारे. तलावाच्या इतक्या जवळ राहून माझ्या डोक्यात हे कधी शिरलं नव्हतं. दुसरा फ्लॅट हाती आल्यापासून मला एक दिवसही पुरलंय असं वाटलं नव्हतं. शेजारच्याला तिसरा मिळाला म्हणून मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं कौतुक नाही. लगेच काहीही केलं नाही. बँकेचं कर्ज होतं, मुलाचं इंजिनिअरिंग होतं, बायको म्हणत होती की देऊ पण अजून दोन वर्षांनी. तिचं चुकीचं नव्हतं. आधी खोटं मी बोललो होतो, ती नव्हे. शेवटी दुकानाचा मागचा गाळा विकला, कर्ज फेडलं आणि २०१९ मध्ये दुसरा फ्लॅट बहिणीच्या नावे बक्षीसपत्र करून दिला. त्याआधी मिरजेला जाऊन तिला सगळं सांगितलं. वाटेत गाडीत वाक्यं पाठ केली होती. ती ऐकून घेत होती, हातात भाजी निवडायला होती.

मग म्हणाली, "रस्त्याचं खोटं आहे हे मला सही करतानाच माहीत होतं, दादा. आदल्या आठवड्यात मी महापालिकेत असलेल्या मैत्रिणीकडून नकाशा बघून घेतला होता."

मी विचारलं, "मग सही का केलीस?"

"तू आईला काय सांगशील ते बघायचं होतं."

मी माफी मागितली. त्यावर ती म्हणाली, "फ्लॅट घेते. तो बाबांचा आहे. माफीचं नंतर बघू."

तेव्हापासून माफीचं नंतरच चालू आहे. फ्लॅट तिने भाड्याने दिलाय. भाडेकरूचा नळ गळला की ती मला फोन करते आणि मी प्लंबर घेऊन जातो. गेल्या नाताळात आली होती, एक दिवस राहिली. या वर्षी दोन दिवस येते म्हणाली आहे. प्रभुभोजनाला मी आता वेदीपाशी जातो. पाळकसाहेबांना गुडघ्याचंही खरं काय ते सांगून टाकलं.

तर ज्याने सकाळी विचारलं त्याला उत्तर द्यायचं राहिलं. हार मी बाईंच्या हातात दिला, कारण देव एकच आणि त्याला वाटेकरी चालत नाही असं मी आजही मानतो. ते मला झाकून ठेवायचं नाही, आणि तुम्हीही ते कधी झाकून ठेवायला लावलं नाही. पण तुझ्यापेक्षा मी देवाच्या जवळ आहे असं म्हणायचं धाडस आता होत नाही. तुझ्या घरी देव्हारा दर्शनी भागात आहे. माझा मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि आठ वर्षं कोणालाही दिसू दिला नव्हता.

जेवणाची पानं मांडल्याचा आवाज येतोय. गोड काय आहे मला माहीत नाही, पण संयोजकांनी सकाळीच कानात सांगितलं, "तुझं आधीच बाजूला काढून ठेवलंय." कोणाची आठवण झाली, ते शेजारच्या बाकावरच्याला कळलं असेल.